घरबसल्या डीएनए टेस्ट: ऑर्डर करण्याआधी वेबसाइट कशी तपासायची

लाळेची नळी कुरियरने पाठवा, काही आठवड्यांत मोबाइलवर रिपोर्ट मिळवा. कुणी कॅन्सरचा धोका सांगतं, कुणी पूर्वजांचे टक्के, कुणी डाएट, तर कुणी मुलाचा कल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या या टेस्टमध्ये एक चाळणी गायब असते. ही टेस्ट या माणसाला लागते का आणि निकाल आल्यावर त्याचं करायचं काय, हे एरवी डॉक्टर आधी ठरवतात. इथे ते ठरवायला कुणी नसतं, म्हणून तो विचार तुम्हालाच करावा लागतो. त्यासाठी जनुकशास्त्र शिकायला नको. एक-दोन तासांचा निवांत वेळ आणि एक कागद पुरे.

वेबसाइटवर पाच गोष्टी शोधा: विक्रीचं पान, नमुना रिपोर्ट, शास्त्रीय आधाराचं किंवा पद्धतीचं पान, अटी व शर्ती आणि प्रायव्हसी पॉलिसी. विक्रीचं पान सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. बाकीची पानं बहुतेक वेळा तळाशी बारीक अक्षरात सापडतात. नमुना रिपोर्टच ठेवलेला नसेल तर पुढची तपासणी करायची गरज नाही, ती टेस्ट सोडून द्या. काय मिळणार आहे हे आधी दाखवायची तयारी नसलेल्याकडून तब्येतीबद्दलची माहिती विकत घेऊ नये.

कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवा. उजवीकडे त्या वाक्यामागे प्रत्यक्ष काय मोजलं जातं ते लिहा. उजवी बाजू भरण्यासाठी पुढच्या गोष्टी पाहायच्या.

चिप की सिक्वेन्सिंग?

‘तुमचा संपूर्ण डीएनए वाचतो’ असं लिहिलेलं असलं तरी स्वस्तातल्या बहुतेक टेस्ट डीएनए सलग वाचत नाहीत. त्या जीनोटायपिंग चिप वापरतात. माणसाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण ३०० कोटी अक्षरांचा. चिप त्यातल्या आधी ठरवलेल्या सहा-सात लाख जागा तपासते, म्हणजे साधारण पाच हजार अक्षरांमागे एक. या जागा लोकांमध्ये बऱ्यापैकी आढळणाऱ्या फरकांच्या असतात. पूर्वज किंवा दूरचे नातेवाईक शोधायला एवढं पुरतं. दुर्मिळ आनुवंशिक आजार शोधायला ते बहुतेक वेळा पुरत नाही, कारण आजार घडवणारा बदल चिपवर नसलेल्या जागी असू शकतो.

पद्धतीच्या पानावर ‘जीनोटायपिंग’, ‘अ‍ॅरे’, ‘एसएनपी’ हे शब्द दिसले तर उजवीकडे ‘ठरावीक जागा’ असं लिहा. ‘एक्झोम’ (जनुकांतले प्रथिनं बनवणारे भाग) किंवा ‘होल जीनोम सिक्वेन्सिंग’ (सगळा जीनोम) असेल तर ‘सलग वाचन’ लिहा आणि सोबत ‘३०एक्स’सारखा आकडा आहे का ते पाहा. प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली हे तो आकडा सांगतो. ३०एक्स म्हणजे सरासरी तीस वेळा. ‘०.४एक्स’ किंवा ‘१एक्स’ दिसलं तर बऱ्याचशा जागा वाचलेल्या नसून आजूबाजूच्या अक्षरांवरून अंदाजाने भरलेल्या आहेत, असं समजा. पद्धतीचा उल्लेखच कुठे नसेल तर ग्राहक सेवेला एका ओळीचा ईमेल पाठवून विचारा. सरळ उत्तर न देणारी कंपनी यादीतून काढून टाका.

‘९९.९ टक्के अचूक’ म्हणजे काय अचूक?

हा आकडा बहुधा खराच असतो, पण तुम्ही समजता त्या गोष्टीचा नसतो. तीन गोष्टी वेगवेगळ्या धरायच्या. ठरलेल्या जागेवरचं अक्षर लॅबने बरोबर वाचलं का, ही पहिली. त्या अक्षराचा आजाराशी खरोखर संबंध आहे का, ही दुसरी. ते कळल्याने तुमच्या उपचारात किंवा वागण्यात उपयोगाचा काही बदल होतो का, ही तिसरी. जाहिरातीतले ९९.९ टक्के पहिल्या गोष्टीचे असतात. लॅबला मिळालेली सीएलआयए, सीएपी किंवा आयएसओ १५१८९ यांसारखी मान्यताही मुख्यतः लॅबच्या कामाच्या दर्जाबद्दल बोलते. ‘हे जनुक असलेल्यांनी सकाळी पळावं’ या निष्कर्षाची हमी ती देत नाही. लोगो खरा असतो, पण निष्कर्षाशेजारी तो लावल्याने निष्कर्ष खरा ठरत नाही.

शिवाय ९९.९ टक्के अचूकतेचा हिशेबही करून पाहा. सहा लाख जागांमध्ये ०.१ टक्का चूक म्हणजे सहाशे अक्षरं चुकीची. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण बदल जितका दुर्मिळ, तितकी चिपची छोटीशी चूकही मोठी होते. समजा एखादा धोकादायक बदल एक लाख लोकांत एकाला आहे आणि चिप त्या जागी दहा हजारांत एकदा चुकते. एक लाख लोक तपासले तर खरा बदल असलेला एक सापडेल आणि त्याच्यासोबत सुमारे दहा जणांना खोटा ‘आहे’ असा निकाल मिळेल. म्हणजे घाबरवणारा निकाल हातात पडलेल्या अकरांपैकी दहांना तो बदल नसेलच.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-संशोधनाच्या मोठ्या साठ्यातल्या जवळजवळ ५० हजार लोकांचे चिपचे निकाल सिक्वेन्सिंगशी ताडून पाहिले गेले आणि तो अभ्यास २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लाखात एकापेक्षा दुर्मिळ असलेल्या बदलांबाबत चिपने ‘आहे’ म्हटलेल्यांपैकी फक्त १६ टक्के खरे निघाले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांतल्या दुर्मिळ घातक बदलांच्या बाबतीत तर ४.२ टक्केच.

‘धोका दुप्पट’ दिसलं की किती पैकी किती ते काढा

विक्रीच्या पानाला ‘पट’ फार आवडतात. कारण एखाद्या आजाराचा धोका हजारात पाचावरून हजारात दहावर गेला तरी ‘दुप्पट’ लिहिता येतं. नमुना रिपोर्टमध्ये तीन आकडे शोधा: तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वसाधारण माणसाचा धोका, तुमचा धोका आणि तो किती वर्षांतला. हे तिन्ही नसतील आणि नुसता हिरवा-पिवळा-लाल काटा असेल, तर उजव्या बाजूला ‘आकडा नाही’ असं लिहा.

डायबेटिस, हृदयविकार, रक्तदाब यांसारख्या आजारांमागे शेकडो जनुकीय फरकांचा थोडा थोडा वाटा असतो. प्रत्येक फरक धोका जेमतेम दहा-वीस टक्क्यांनी वर-खाली करतो आणि वजन, वय, तंबाखू, घरातला इतिहास यांचा वाटा वेगळाच. म्हणून एकाच माणसाला दोन कंपन्या वेगळं सांगू शकतात. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या तपासणी संस्थेने २०१० मध्ये पाच जणांचे नमुने चार कंपन्यांकडे पाठवले होते. एकाच माणसाला एकाच आजाराबाबत कुठे सरासरीपेक्षा कमी, कुठे सरासरी आणि कुठे जास्त धोका सांगितला गेला. त्यातल्या एकाला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी तेरा वर्षांपूर्वीच पेसमेकर बसवलेला होता. त्याला अशा विकाराचा धोका कमी असल्याचं कळवण्यात आलं.

अनेक फरकांची बेरीज करून काढलेला ‘पॉलिजेनिक स्कोअर’ आज बराच सुधारला आहे. पण तो ज्या अभ्यासांवर बेतलाय त्यांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. इतरांसाठी तोच स्कोअर कमी विश्वासाचा ठरतो. पद्धतीच्या पानावर ‘कोणत्या लोकसमूहावर तपासलं’ हे लिहिलंय का, ते पाहा. तुमच्यासारखे लोक त्यात नसतील तर तुमचा आकडा उसन्या फुटपट्टीने मोजलेला आहे.

‘बदल आढळला नाही’ हे सगळ्यात धोक्याचं वाक्य

भीती घालणाऱ्या निकालापेक्षा निश्चिंत करणारा निकाल जास्त नुकसान करू शकतो. घाबरलेला माणूस निदान डॉक्टरकडे जातो. निश्चिंत झालेला मॅमोग्राफी पुढे ढकलतो.

उदाहरण बीआरसीएचंच घ्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने मार्च २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीला ग्राहकांना थेट बीआरसीए रिपोर्ट द्यायला परवानगी दिली. ती फक्त तीन बदलांपुरती होती. हे तीन बदल अश्केनाझी ज्यू (मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू) वंशाच्या स्त्रियांपैकी सुमारे २ टक्क्यांत आढळतात, इतरांमध्ये फारच क्वचित. बीआरसीए जनुकांतले कॅन्सरशी जोडलेले बदल हजाराहून अधिक आहेत, हे एफडीएने त्याच वेळी सांगितलं होतं. म्हणजे वेगळ्या वंशाच्या बाईला, आई आणि मावशी दोघींना स्तनाचा कॅन्सर झालेला असतानाही, ‘आढळला नाही’ असा निकाल येऊ शकतो, आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असतो.

म्हणून प्रत्येक आजारासमोर एक प्रश्न लिहा: या जनुकातले माहीत असलेले बदल किती आणि ही टेस्ट त्यांतले किती पाहते? सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराशी संबंधित सीएफटीआर जनुकात २००० हून अधिक बदल नोंदले गेलेत. टेस्ट त्यांतले काही डझन पाहत असेल, तर ‘वाहक नाही’ (स्वतःला आजार नसला तरी मुलाकडे जाऊ शकणारा बदल नाही) या निकालानंतरही थोडा धोका उरतो. चांगला रिपोर्ट तो उरलेला धोका आकड्यात सांगतो आणि तो वंशानुसार बदलतो हेही लिहितो. गरोदरपणाचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी हा आकडा नसलेली वाहक-टेस्ट घेऊ नये. त्यांच्यासाठी क्लिनिकल लॅबची, समुपदेशनासह मिळणारी टेस्टच योग्य.

डाएट, व्यायाम, त्वचा, मुलांचा कल

बाजार सगळ्यात मोठा इथे आहे आणि पुरावा सगळ्यात कमीही इथेच. कारण सरळ आहे. ‘कॅन्सरचा धोका’ म्हटलं की नियामक विचारतो, ‘वेलनेस’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी विचारत नाही. अटी व शर्तींमध्ये ‘ही माहिती वैद्यकीय सल्ला नाही, केवळ शैक्षणिक हेतूसाठी आहे’ असं वाक्य असतंच. ते विक्रीच्या पानावरच्या वाक्याशेजारी ठेवून वाचा. वर ‘तुमच्या जनुकांनुसार डायबेटिस टाळा’ आणि खाली ‘कोणत्याही आजारासाठी वापरू नये’ असं असेल, तर कंपनी स्वतः ज्याची जबाबदारी घेते ते वाक्य खालचं.

वेगळं डाएट वेगळ्या जनुकांना चालतं, हा दावा नीट तपासला गेलाय. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासात ६०९ जाड लोकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागून एक वर्ष कमी चरबीचं किंवा कमी कार्बोहायड्रेटचं जेवण घ्यायला सांगितलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलो घटलं, आणि कुणाला कोणतं डाएट लागू पडेल हे जनुकांच्या ठेवणीवरून सांगता आलं नाही. हा अभ्यास माहीत असूनही ‘तुमच्या डीएनएला शोभणारं डाएट’ विकणाऱ्या पानाला एकच प्रश्न विचारा: याच सल्ल्यावर, याच जनुकांच्या आधारे, माणसांवर चाचणी झाली आहे का? ‘अमुक जनुक चयापचयाशी संबंधित आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षाही आहे. ऑर्डर करताना वजन, उंची, झोप, तंबाखू, व्यायाम यांची लांब प्रश्नावली भरून घेतली जाते. नमुना रिपोर्टमधला प्रत्येक सल्ला घ्या आणि तो केवळ प्रश्नावलीवरून देता आला असता का, ते पाहा. ‘तंबाखू सोडा’, ‘भाज्या वाढवा’, ‘रोज चाला’ यांना डीएनए लागत नाही. जीएओने २००६ मध्ये नेमकं हेच केलं होतं. चार वेबसाइटवरून टेस्ट घेऊन एका तान्ह्या मुलीचा आणि एका पुरुषाचा डीएनए चौदा काल्पनिक ग्राहकांच्या नावाने पाठवला, प्रश्नावलीत मात्र वेगवेगळी उत्तरं लिहिली. सल्ले आले ते प्रश्नावलीच्या मागे मागे जाणारे. त्यातल्या एका वेबसाइटने ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सुचवलेल्या सप्लिमेंट्सचा खर्च वर्षाला सुमारे १२०० डॉलर होता. तशाच घटकांच्या साध्या गोळ्या दुकानात वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास मिळत होत्या.

त्यामुळे टेस्ट आणि गोळी एकच कंपनी विकत असेल तर तिथे खरेदी करू नका. टेस्ट स्वस्त किंवा फुकट असणं हा तिथे गळ असतो, कमाई दर महिन्याच्या सब्स्क्रिप्शनमधून होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये जीनलिंक या कंपनीवर, जनुकांनुसार बनवलेल्या सप्लिमेंट्सनी डायबेटिस, हृदयविकार, संधिवात, निद्रानाश यांवर उपाय होतो असे दावे पुराव्याशिवाय केल्याबद्दल कारवाई केली होती. एमटीएचएफआर जनुकाच्या नावाने खास व्हिटॅमिन विकणारी पानंही याच जातीची. त्या जनुकातले नेहमीचे फरक कोट्यवधी लोकांत असतात, आणि रक्ताच्या गुठळ्यांच्या तपासणीत हे जनुक पाहू नये असं अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय.

मुलाचा खेळातला किंवा बुद्धीचा कल सांगणारी टेस्ट अजिबात घेऊ नका. एसीटीएन३ हे ‘वेगाचं जनुक’ म्हणून विकलं जातं. क्रीडावैद्यक क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे सांगितलं की मुलांमधली खेळाची गुणवत्ता ओळखायला अशा टेस्टचा काहीही उपयोग नाही. एका अक्षरावरून आठ वर्षांच्या मुलाला मैदानावरून उठवणं किंवा त्याच्यावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का मारणं हा अन्याय आहे, आणि त्याला विज्ञानाचा आधार नाही.

पुरावे म्हणून लावलेल्या गोष्टी

पांढऱ्या कोटातला फोटो, ग्राहकांचे अनुभव, इन्फ्लुएन्सरचा कूपन कोड, ‘ऑफर संपायला दोन तास’ असं उलटं घड्याळ यांना उजव्या बाजूला काहीच लिहू नका. ‘टेस्ट आमच्या डॉक्टरांनी मंजूर केलेली’ असं असेल तर त्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं होणार का, ते विचारा. अनेकदा ते फक्त ऑनलाइन फॉर्मवर सही करतात. ‘जेनेटिक समुपदेशन उपलब्ध’ याचा अर्थ प्रशिक्षित समुपदेशक, किती मिनिटं, टेस्टच्या आधी की नंतर आणि वेगळे पैसे किती, हे लेखी घ्या. सप्लिमेंट विकणाऱ्या ‘वेलनेस कोच’चा फोन म्हणजे समुपदेशन नव्हे.

संशोधन निबंधांची लांब यादी असेल तर त्यातले दोन-तीन उघडा. तो अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर, दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिला का आणि कंपनीने विकलेल्या टेस्टचा त्यात उल्लेख आहे का, एवढं सारांशातूनही कळतं.

प्रायव्हसी पॉलिसी: संपूर्ण वाचू नका, शोधा

पॉलिसी लांबलचक असते. पान उघडून शोधायच्या सोयीने हे शब्द टाका: थर्ड पार्टी, अ‍ॅफिलिएट, रिसर्च, मर्जर, बँकरप्सी, रिटेन्शन (माहिती किती काळ ठेवणार), डिलीट, आर्बिट्रेशन (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याची अट). पॉलिसी इंग्रजीत असेल तर हेच शब्द इंग्रजी स्पेलिंगने. प्रत्येक जागी पुढचं-मागचं एकेक वाक्य वाचलं की चित्र स्पष्ट होतं.

लाळ कुठे आणि किती वर्षं ठेवणार, नष्ट करायची विनंती कशी करायची आणि लॅब वेगळ्या कंपनीची असेल तर तिलाही ती लागू होते का, हे सगळ्यात आधी. नंतर संशोधनाची संमती. ती वेगळी विचारली जाते का, की ऑर्डरच्या एकाच टिकमध्ये गुंडाळलेली आहे? काही कंपन्यांचा खरा धंदा या माहितीचा आहे. औषध कंपनी जीएसकेने २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीमध्ये ३० कोटी डॉलर गुंतवले ते ग्राहकांच्या संमतीने जमलेल्या जनुकीय माहितीवर औषध संशोधन करता यावं म्हणून. संशोधनाला मदत करायला हरकत काहीच नाही, फक्त ते तुम्ही ठरवलेलं असावं.

‘आम्ही ही पॉलिसी केव्हाही बदलू शकतो’ या ओळीकडे विशेष लक्ष द्या. फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये वन-हेल्थ (आधीचं नाव व्हायटाजीन) या कंपनीवर ठपका ठेवला तो नेमका यासाठी: आधी गोळा केलेल्या माहितीलाही लागू होईल असा पॉलिसीत गुपचूप बदल केला, ग्राहकांचे रिपोर्ट कुणालाही पोचता येईल अशा क्लाउड साठवणीत उघडे ठेवले आणि लाळेचे नमुने नष्ट होतील याची व्यवस्थाच केली नव्हती.

कंपनी विकली किंवा बुडाली तर? २०२५ च्या मार्चमध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटी लोकांची माहिती ही तिची सगळ्यात मोठी मालमत्ता होती. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी ग्राहकांना आपली माहिती पुसून टाकता येते याची जाहीर आठवण करून दिली. शेवटी कंपनीच्या संस्थापिकेनेच काढलेल्या ना-नफा संस्थेने ती मालमत्ता विकत घेतली. त्याआधी २०२३ मध्ये, इतर वेबसाइटवरून फुटलेले पासवर्ड वापरून चोरांनी तिथली सुमारे १४ हजार खाती उघडली, आणि नातेवाईक जुळवण्याच्या सोयीमधून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. पासवर्ड चौदा हजारांचा कच्चा, फटका लाखोंना.

तुमचा डीएनए निम्मा तुमच्या भावंडाचाही असतो, आणि तुमच्या मुलाचा निम्मा तुमच्याकडून आलेला. अमेरिकेतला ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा खुनी २०१८ मध्ये सापडला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएमुळे. गुन्हेगार पकडला गेला हे चांगलंच झालं, पण तुमच्या एका निर्णयात किती जण ओढले जातात हे यातून दिसतं. ऑर्डर करण्याआधी घरच्यांशी बोला. विम्याचा फॉर्मही पाहा. अमेरिकेत २००८ च्या जीना कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई आहे, आयुर्विमा मात्र त्यात येत नाही. इतर देशांत नियम वेगळे आहेत आणि काही देशांत, उदाहरणार्थ फ्रान्समध्ये, अशी टेस्ट घरी मागवणंच बेकायदा आहे.

घ्यायचीच ठरली तर

वेगळा ईमेल आयडी आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा. दोन टप्प्यांचं लॉगिन पहिल्याच दिवशी सुरू करा. नातेवाईक जुळवणं आणि संशोधनाची संमती बंद ठेवा, वाटलं तर नंतर चालू करता येते. नातेवाईक जुळवण्यातून अनोळखी सावत्र भावंडं किंवा वडिलांबद्दलचं सत्य समोर आल्याची उदाहरणं बरीच आहेत. त्याची मनाची तयारी नसेल तर ते बटण दाबू नका.

किटवरचा बारकोड नळी पाठवण्याआधी खात्यात नोंदवा. नोंद नसलेली नळी लॅबमध्ये कुणाची हे कळत नाही आणि ती तशीच पडून राहते. लाळ देण्याआधी किमान ३० मिनिटं खाणं, पिणं, चूळ, ब्रश, तंबाखू, च्युइंगगम काही नको. साधारण २ मिलिलिटर लाळ लागते. नळीवरच्या खुणेपर्यंत द्रव यायला हवा, वरचा फेस धरायचा नाही. नमुना नापास होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तोंड कोरडं पडत असेल तर गाल बाहेरून हलके चोळा. झाकणातला द्रव लाळेत उतरला की नळी बंद करून सांगितलेल्या वेळापुरती हलवा. तो द्रव डीएनए टिकवतो आणि जिवाणूंना वाढू देत नाही. नीट मिसळला नाही तर प्रवासात नमुना खराब होतो. ज्यांचं बोन मॅरो किंवा स्टेम सेल प्रत्यारोपण झालंय त्यांनी लाळेची टेस्ट करू नये, कारण लाळेत दात्याच्या पेशीही येतात.

रिपोर्ट आल्यावर

गंभीर आजाराचा बदल दिसला तर तो अजून ‘संशय’ आहे. डॉक्टर किंवा जेनेटिक समुपदेशकाकडे जा, क्लिनिकल लॅबमध्ये नव्या नमुन्यावर तीच जागा पुन्हा तपासून घ्या, मगच पुढचं पाऊल. एकाही औषधाचा डोस या रिपोर्टवरून बदलू नका. औषध लागू पडेल की नाही हे सांगणाऱ्या अनेक टेस्टना पुरावा नाही, अशी सूचना एफडीएने २०१८ मध्ये दिली होती. मनाच्या आजारांवरची औषधं अशी अचानक थांबवली तर परिणाम फार वाईट होतात.

‘रॉ डेटा’ ही तुमच्या वाचलेल्या अक्षरांची मूळ फाइल डाउनलोड करता येते. उघडली तर एकेक ओळ अशी दिसते: आरएस१८०११३३, क्रोमोसोम १, जागेचा क्रमांक आणि शेवटी दोन अक्षरं, उदाहरणार्थ एजी. (ही ओळ वर आलेल्या एमटीएचएफआरचीच.) ती दुसऱ्या वेबसाइटवर टाकून शेकडो आजारांची यादी काढून देणाऱ्या सेवा आहेत. त्या मोहात पडू नका. रॉ डेटातल्या ओळी वैद्यकीय वापरासाठी पडताळलेल्या नसतात. अमेरिकेतल्या एका क्लिनिकल लॅबकडे पडताळणीसाठी आलेल्या ४९ जणांच्या अशा बदलांपैकी ४० टक्के मुळात नव्हतेच, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

खातं बंद करताना

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिपोर्ट आणि रॉ डेटा स्वतःकडे उतरवून पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवा. मग संशोधनाची संमती मागे घ्या. ज्या अभ्यासांत तुमची माहिती वापरून झाली त्यांतून ती काढता येत नाही, म्हणून हे जितकं लवकर तितकं बरं. नंतर लाळेचा नमुना नष्ट करण्याची वेगळी विनंती करा आणि शेवटी खातं पुसा. अ‍ॅप मोबाइलवरून काढल्याने खातं जात नाही. पुसण्याची विनंती केल्यावर बऱ्याचदा ईमेलवर खात्री करणारी लिंक येते. ती दाबली नाही तर विनंती रद्द होते, म्हणून स्पॅम फोल्डरही पाहा. लॅबला कायद्याने काही नोंदी ठेवाव्या लागत असतील तर कोणत्या आणि किती काळ, हे लेखी मागा. दुसऱ्या वेबसाइटवर रॉ डेटा टाकला असेल तर तिथलं खातं वेगळं पुसावं लागतं, मूळ कंपनीला ते करता येत नाही. सब्स्क्रिप्शन असेल तर बँकेतली ऑटो-पे सूचनाही रद्द करा आणि विक्रीच्या पानाचे, पॉलिसीचे, पुसल्याच्या ईमेलचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पुढे ग्राहक आयोगाकडे किंवा डेटा संरक्षण यंत्रणेकडे तक्रार करायची झाली तर तेवढेच कागद कामी येतात.